गरोदरपणातले कंबरेखालचे दुखणे

गरोदरपणात कंबरेखालच्या हाडांच्या सांध्यांत जे दुखणे सुरू होते, ते पोटातले नसते आणि नुसते पाठीचेही नसते. ओटीपोटाच्या खाली मधोमध जिथे हाड हाताला लागते तिथे, जांघेत, मांडीच्या आतल्या अंगाला, किंवा मागे माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना जे खळगे दिसतात तिथे ते असते. कधी एकाच बाजूला असते, कधी पुढून मागे आणि मागून पुढे फिरते. रात्री कूस बदलताना चमक निघते. परकर किंवा सलवार घालताना क्षणभर एका पायावर उभे राहिले की कळ येते. पायरी चढताना, रिक्षातून उतरताना, उकिडवे बसून उठताना पाय उचलत नाही. काही जणींना चालताना पुढच्या सांध्यात कट्‌कन आवाज होतो आणि चाल बदकासारखी डुलती होते. खानदेशातली बाई अहिराणीत एवढेच म्हणते, ‘कंबर दुखस’. घरातले ऐकतात ‘कंबर’, आणि सात-आठ महिने भरलेल्या बाईची कंबर दुखणारच, असे म्हणून विषय संपतो. नेमके कुठे दुखते आणि काय करताना दुखते, हे दोन प्रश्न विचारले असते तर बहुतेक वेळा दुखण्याचे नाव तिथेच कळले असते.

वैद्यकात याला श्रोणीचे दुखणे म्हणतात. श्रोणी म्हणजे कंबर आणि मांड्या यांच्यामधले हाडांचे कडे. हे दुखणे दुर्मीळ नाही. युरोपातल्या तज्ज्ञांनी 2008 मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून मार्गदर्शक सूचना तयार केल्या, तेव्हा सुमारे पाच गरोदर स्त्रियांपैकी एकीला ते असते असा अंदाज त्यांनी मांडला. बहुतेकींना ते मधल्या किंवा शेवटच्या तिमाहीत जाणवते, काहींना त्याही आधी. बाळाला त्याने धोका नसतो. आईला मात्र ते पुरते जेरीस आणू शकते, आणि त्यावर करण्यासारखे पुष्कळ आहे.

श्रोणीची रचना बैलगाडीच्या चाकाच्या उपमेने चांगली कळते. चाकाचे लाकडी तुकडे एकमेकांत नीट बसवलेले असतात, पण त्यांना घट्ट धरून ठेवते ती बाहेरची लोखंडी धाव. श्रोणीतही तसेच आहे. मागे पाचरीसारखे त्रिकास्थी, त्याच्या दोन बाजूंना दोन रुंद हाडे, आणि ती हाडे पुढे येऊन मधोमध भेटतात. असे तीन सांधे झाले, मागे दोन आणि पुढे एक. पुढच्या सांध्यात दोन हाडांच्या मध्ये कूर्चेची गादी असते आणि एरवी ती फट चार-पाच मिलिमीटर असते. हाडांचे आकार एकमेकांत बसतात म्हणून कडे टिकते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अस्थिबंध व स्नायू त्याला भोवतीने आवळून धरतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, पोटाचा खोल थर, कुल्ल्यांचे स्नायू आणि पाठीचे स्नायू मिळून या कड्याची धाव होते.

गरोदरपणात ही धाव सैल पडते. शरीर बाळाला वाट करून देण्याच्या तयारीला लागते आणि अस्थिबंध मऊ होतात. यामागच्या संप्रेरकांपैकी रिलॅक्सिन हे एक. अमेरिकी संशोधक फ्रेडरिक हिसॉ यांना 1926 मध्ये गिनिपिगवरच्या प्रयोगांत त्याचा शोध लागला. पुढच्या सांध्यातली फट गरोदरपणात आणखी दोन-तीन मिलिमीटर रुंदावते आणि ते स्वाभाविकच आहे. मात्र ज्या बाईत रिलॅक्सिन जास्त तिला दुखणे जास्त, असा सरळ हिशेब नंतरच्या अभ्यासांत जुळला नाही. सैलपणा सगळ्यांनाच येतो, दुखते काहींनाच. फरक पडतो तो सैल झालेल्या कड्यावर ओझे कसे पडते आणि स्नायू ते कसे सांभाळतात यावर. पोट पुढे वाढते, शरीराचा तोल सरकतो, कंबरेचा बाक वाढतो, पोटाचे स्नायू ताणले जातात. तिन्ही सांधे सारखे सैल झाले नाहीत, किंवा एकाच पायावर वारंवार भार आला, की एक सांधा दुसऱ्यापेक्षा जास्त घसटतो आणि भोवतीचे स्नायू आखडतात.

आधीच्या बाळंतपणात हेच दुखणे झालेले असणे, पूर्वीपासून पाठ दुखत असणे, पडून किंवा अपघातात श्रोणीला मार बसलेला असणे आणि अंगमेहनतीचे काम, या गोष्टींनी शक्यता वाढते. यातली शेवटची खानदेशात विशेष लक्ष देण्याजोगी आहे.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत दसऱ्या-दिवाळीपासून कापसाची वेचणी सुरू होते आणि हे काम मुख्यतः बायांचे. कंबरेला फडके बांधून त्याची ओटी करायची, दोन्ही हातांनी बोंडातला कापूस काढून तिच्यात टाकत सरीने पुढे जायचे. ओटी भरत जाते तसे वजन पोटाच्या पुढे लोंबते. गरोदर बाईच्या बाबतीत हे ओझे नेमके तिथेच वाढते जिथे शरीराने आधीच भार वाढवलेला आहे. खालची बोंडे वाकून, बाजूची बोंडे कंबर वळवून वेचायची, म्हणजे वाकणे आणि वळणे एकाच वेळी. श्रोणीच्या मागच्या सांध्यांना याहून वाईट हालचाल क्वचितच असेल. मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे मध्ये बसून घेतलेला प्रत्येक अर्धा तास पैशांत मोजला जातो. निंदणीचे दुखणे वेगळे. उकिडवे बसून, विळा चालवत, न उठता बाजूबाजूने सरकायचे, की एक गुडघा वर, दुसरा बाहेर, आणि पुढच्या सांध्यावर दोन्हीकडून उलटसुलट ताण. चाळीसगावकडून आणि धुळे जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवणाऱ्या बाया असतात. गरोदरपणात ते काम करणे म्हणजे सैल झालेल्या कड्यावर डोक्यावरून ओझे आदळणे.

घरातले कामही हलके नसते. उन्हाळ्यात पाणी रोज येत नाही अशा गावी आणि वस्तीत हंडा कडेवर घेऊन चालावे लागते. आधीचे दीड-दोन वर्षांचे मूल त्याच कडेवर असते. दोन्हींत भार एका बाजूला पडतो आणि श्रोणी तिरकी होते. पापड, बिबड्या आणि कुरडयांच्या दिवसांत तासन्‌तास जमिनीवर एक गुडघा उभा करून बसणे होते. भाकरी थापतानाची बैठकही तीच.

या दुखण्याची एक खूण ओळखून ठेवावी. ते पुष्कळदा उशिरा बोलते. दिवसभर वेचणी झाली, संध्याकाळी बरे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणातून उठता येईना, असे होते. त्यामुळे कालचे काम आणि आजचे दुखणे यांचा संबंध घरच्यांच्या लक्षात येत नाही, आणि काल तर चांगली होती, असे म्हटले जाते. दोन-तीन दिवस कोणते काम केले आणि केव्हा दुखले याची मनात नोंद ठेवली तर नेमके कोणते काम भोवते ते कळते. सगळी कामे सोडावी लागत नाहीत, भोवणारी सोडावी किंवा बदलावी लागतात.

तपासणीला यंत्राची गरज सहसा पडत नाही. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट उताणे झोपवून एक पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर उचलायला सांगतात. तो जड वाटला, आणि दोन्ही हातांनी कंबरेखालची हाडे बाजूंनी दाबून धरल्यावर सहज उचलला गेला, तर धाव सैल असल्याचा तो बोलका पुरावा. मांडी काटकोनात उभी करून गुडघ्यावरून खाली हलका दाब दिला की मागच्या सांध्यात ओळखीची कळ येते का, हेही पाहतात. पुढच्या सांध्यावर बोटाने दाबून दुखते का, एका पायावर उभे राहता येते का, मांड्या किती फाकवता येतात, एवढ्यावर बहुतेक निदान होते. एक्स-रे गरोदरपणात शक्यतो टाळतात, आणि त्याने निदानात फार भरही पडत नाही.

तरीही कंबरेखाली दुखते म्हणजे हेच दुखणे, असे घरी बसून ठरवू नये. पहिल्या काही आठवड्यांत एका बाजूला तीव्र दुखून रक्त जात असेल किंवा चक्कर येत असेल तर गर्भ नळीत राहिल्याची शंका असते आणि तासाचाही उशीर परवडत नाही. लघवीला जळजळ, वारंवार जावे लागणे, थंडी वाजून ताप ही लघवीच्या संसर्गाची लक्षणे आहेत. गरोदरपणात त्या संसर्गाने मुदतीआधी कळा सुरू होऊ शकतात. 37 आठवडे भरण्याआधी पोट ठरावीक वेळाने आवळून सुटत असेल, पाणी जात असेल किंवा रक्त दिसत असेल तर ते सांध्याचे दुखणे नाही. सांध्याची कळ हालचालीबरोबर येते आणि शरीर योग्य स्थितीत ठेवले की उतरते. प्रसूतीची कळ हालचालीची वाट पाहत नाही. ती लाटेसारखी येते आणि जवळजवळ येत जाते. बाळाची हालचाल कमी वाटणे, एका पोटरीला सूज येऊन ती दुखणे, खूप डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर होणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. गरोदर मातांसाठी 102 आणि आणीबाणीत 108 या क्रमांकांवर रुग्णवाहिका मिळते.

खानदेशात आणखी दोन कारणे मनात ठेवावी लागतात. पहिले सिकलसेल. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत आणि पश्चिमेला साक्री भागात भिल्ल, पावरा, कोकणी, मावची या आदिवासी समाजांत हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. त्यात तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य वेदना उठतात. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते झिजूही शकते. गरोदरपणात असे झटके वाढू शकतात. अशा बाईची जांघेतली कळ सांधा सैल झाल्यामुळे आहे असे समजून पट्टा बांधणे घातक ठरेल. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी सुरू झाली असून रक्ताची चाचणी सरकारी आरोग्य केंद्रांतून होते. या भागातल्या प्रत्येक गरोदर बाईची ती पहिल्या तपासणीतच व्हायला हवी. दुसरे कारण ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता. ऊन मुबलक असूनही भारतात ही कमतरता सर्रास दिसते. ती फार वाढली तर हाडे मऊ होतात, श्रोणी आणि मांड्यांची हाडे ठणकतात, जिना चढता येत नाही आणि चाल डुलती होते. म्हणजे वरवर पाहता हुबेहूब हेच दुखणे. पूर्वी अशा मऊ हाडांमुळे श्रोणीचा आकार बिघडून बाळंतपणे अडत. सरकारी कार्यक्रमात पहिल्या तिमाहीनंतर कॅल्शियमची 500 मिलिग्रॅमची गोळी ‘ड’ जीवनसत्त्वासह दिवसातून दोनदा देतात आणि बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवतात. लोहाच्या गोळीबरोबर ती एकाच वेळी घेऊ नये, दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे. पुष्कळ घरांत या गोळ्या डब्यात पडून राहतात, आणि हे खरोखर वाईट आहे.

दुखणे सांध्याचे आहे हे एकदा ठरले की उपचाराचा मोठा भाग हालचालीच्या सवयींत आहे. तत्त्व एकच आहे. दोन्ही पायांवर भार सारखा ठेवायचा आणि गुडघे एकमेकांपासून फार दूर जाऊ द्यायचे नाहीत. कूस बदलताना आधी दोन्ही गुडघे वाकवून एकमेकांना चिकटवावे, मग खांदे आणि कंबर एकाच वेळी ओंडक्यासारखी वळवावी. गुडघ्यांच्या मध्ये उशी, नाहीतर घडी केलेली गोधडी ठेवून डाव्या कुशीवर झोपले तर रात्र बरी जाते. वरचा पाय खाली लोंबला की मागचा सांधा ताणला जातो, म्हणून उशी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हवी. झोळ पडलेल्या खाटेपेक्षा सपाट पलंग किंवा जमिनीवरची जाड गादी चांगली, पण जमिनीवरून उठताना आधी कुशीवर, मग हातांवर जोर देऊन गुडघ्यांवर, आणि मग भिंतीचा आधार घेऊन उभे राहावे. कपडे बसून घालावे. पायऱ्या एकेक चढाव्या, कमी दुखणारा पाय आधी वर टाकावा आणि उतरताना दुखणारा आधी खाली.

मांडी घालून बसणे आणि उकिडवे बसणे पुढचा सांधा दुखणाऱ्या बाईला सहसा सोसत नाही. खुर्चीवर बसून भाजी निवडता येते, पापड टेबलावर लाटता येतात. शौचासाठी मधोमध छिद्र असलेली प्लास्टिकची खुर्ची भारतीय पद्धतीच्या भांड्यावर ठेवली तर मोठा त्रास वाचतो आणि ती फार महागही नसते. इथे एका समजुतीचा उल्लेख करायला हवा. उकिडवे बसून फरशी पुसली, जात्यावर दळले की बाळंतपण सुलभ होते, असे थोरल्या बाया सांगतात. निरोगी सांधे असलेल्या बाईला हालचाल चांगलीच, पण जिला पाय फाकवताच कळ येते तिच्याकडून हे करून घेणे म्हणजे दुखणे वाढवणे. सासूबाईंचा हेतू चांगला असतो, म्हणूनच त्यांना नीट समजावून सांगणे डॉक्टरचे आणि आशाताईंचे काम आहे.

वेचणी टाळता येत नसेल तर ओटी अर्धी भरली की रिकामी करावी, उंच बोंडे आपण वेचून खालची दुसऱ्या बाईला द्यावी, कंबर वळवण्याऐवजी पावले टाकून सगळे अंगच वळवावे. निंदणी सातव्या महिन्यानंतर, आणि दुखणे सुरू झाले असेल तर त्याही आधी, सोडावी. पाण्याचा मोठा हंडा कडेवर घेण्यापेक्षा दोन लहान कळशा दोन हातांत घ्याव्या, आणि त्याहून बरे म्हणजे घरातल्या पुरुषाने ते पाणी भरावे. कडेवरचे मूल बसून मांडीवर घ्यावे. या सूचना लिहायला सोप्या आहेत. रोजाने जाणाऱ्या बाईच्या घरात त्या पाळल्या जातील की नाही हे तिच्या एकटीच्या हातात नसते. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आली आणि प्रसूतीच्या आधीच्या काळात गरोदर कामगाराला कष्टाचे किंवा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम देऊ नये असेही त्यात म्हटले होते. पण शेतात किलोवर वेचणाऱ्या बाईपर्यंत असा कायदा पोचत नाही. तिच्या बाबतीत मुकादम, शेतमालक आणि नवरा यांनी समजून घेणे हाच व्यवहारातला कायदा उरतो.

प्रवासही दुखणे वाढवतो. मोटारसायकलवर एका बाजूला बसले की श्रोणी पिळली जाते, दोन्हीकडे पाय टाकून बसले की पुढचा सांधा फाकतो, आणि गतिरोधकावर दोन्ही प्रकारांत दणका बसतो. शक्य तिथे चारचाकी किंवा एसटी बरी, एसटीत मागच्या चाकावरची आणि त्यामागची आसने सोडून पुढे बसावे. गाडीत चढताना आधी बसावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावे, उतरतानाही दोन्ही पाय एकत्र बाहेर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाणाऱ्या गरोदर लेकीने प्रवास एका दमात न करता मध्ये थांबून चार पावले चालावे, आणि झोका यंदा दुसऱ्यांसाठी सोडावा.

व्यायाम हा या उपचाराचा कणा आहे, पण तो शिकून करायचा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, म्हणजे लघवी रोखताना जे आवळले जातात ते, पाच-दहा सेकंद आवळून सोडणे दिवसातून काही वेळा करावे. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हे करू नये. श्वास सोडत बेंबी हलकेच आत ओढल्याने पोटाचा खोल थर जागा होतो. मांजरासनात हात-गुडघे टेकून पाठ वर उचलणे आणि पुन्हा सरळ करणे बहुतेकींना सोसते आणि पोटाचे ओझे कंबरेवरून उतरल्याने लगेच आराम वाटतो. गुडघ्यांमध्ये उशी धरून हलका दाब देणे हेही उपयोगी पडते. उताणे झोपून करायचे व्यायाम शेवटच्या महिन्यांत फार वेळ करू नयेत, कारण गर्भाशयाचे वजन मोठ्या रक्तवाहिनीवर पडते. गरोदर बायांच्या योगवर्गात शिकवले जाणारे फुलपाखरू आसन किंवा चक्की चालनासन कळ येत असेल तर वगळावे. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत गरोदर बाईची तपासणी होते आणि व्यायाम कोणाकडून शिकायचे हे तिथे विचारता येते.  तालुक्याहून तिथवर एकदा गेले, चार व्यायाम नीट शिकले आणि पुढे घरी केले, तरी पुष्कळ होते.

पट्ट्याबद्दल गैरसमज आहेत. मेडिकलमध्ये मागितल्यावर पुष्कळदा पाठीचा रुंद पट्टा मिळतो, तो पोटावर दाब आणतो आणि इथे उपयोगाचा नाही. श्रोणीचा पट्टा अरुंद असतो आणि तो पोटाच्या खाली, खुब्याच्या हाडांच्या जरा वर, कुल्ल्यांभोवती बांधतात. तो धावेचे काम तात्पुरते करतो, म्हणून चालताना, काम करताना बांधावा आणि झोपताना काढावा. बांधल्यावर दुखणे वाढले तर तो त्या बाईसाठी नाही. दिवसभर बांधून ठेवल्याने स्नायू आळसावतात, हेही लक्षात घ्यावे.

शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात. गरम पाण्याची पिशवी पाठीमागे, मांडीवर किंवा कुल्ल्यावर चालते, पोटावर नको. एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 च्या आसपास असताना पुढच्या सांध्यावर ओल्या थंड कापडाची घडी जास्त सुखावते. दाईकडून पाठीला हलक्या हाताने तेल लावून घ्यायला हरकत नाही, पण हाड बसवण्यासाठी झटका देणे आणि पोट चोळणे धोक्याचे आहे. बिब्बा लावून चटका देण्याची रीत काही घरांत अजून आहे. त्याने त्वचा भाजते, फोड येतात आणि सांधा होता तसाच राहतो.

औषधांत डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल देतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक या गटातल्या गोळ्या आणि इंजेक्शने गावात सहज मिळतात आणि दुखणे लगेच थांबवतात, म्हणून त्यांचा मोह पडतो. गरोदरपणात त्या आपल्या मनाने घेऊ नयेत. 20 आठवड्यांनंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये तसा स्पष्ट इशारा दिला आहे. शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतरच बंद व्हायची रक्तवाहिनी त्या आधीच आकुंचित करू शकतात. गावच्या दवाखान्यात दुखण्याचे इंजेक्शन घेताना आपण गरोदर आहोत आणि किती महिने झाले, हे आधी सांगावे.

बाळंतपणाची तयारी वेगळी करावी लागते. या दुखण्यासाठी सिझेरियनची गरज नसते, उलट शस्त्रक्रियेनंतर सावरायला वेळच जास्त लागतो. प्रसूतीच्या आधी, न दुखता गुडघे एकमेकांपासून किती दूर नेता येतात ते मोजून ठेवावे आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावे. प्रसूतीच्या टेबलावर कोणीतरी पाय धरून फाकवते, आणि कळांच्या गडबडीत बाईला सांगायची सोय राहत नाही. कंबरेखाली बधिर करणारे इंजेक्शन दिले असेल तर तिला कळतही नाही आणि सांधा मर्यादेपलीकडे ताणला जातो. कुशीवर झोपून किंवा हात-गुडघे टेकून प्रसूती होऊ शकते आणि अशा बाईला ती जास्त मानवते. उताणे झोपवणे अटळ असेल तर पाय आधारकांत दोन्ही एकाच वेळी चढवावे, एकाच वेळी उतरवावे आणि तेवढाच वेळ ठेवावे जेवढा लागेल. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात, 2016 पासून, दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतल्या बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही नोंद करून घ्यायला तो दिवस चांगला.

बाळंतपणानंतर बहुतेकींचे दुखणे काही आठवड्यांत उतरते आणि तीन-चार महिन्यांत जाते. पण प्रसूतीनंतर पुढच्या सांध्यात अचानक तीव्र कळ येऊन पाय उचलेना, उभे राहता येईना, तर सांधा फार रुंदावला असण्याची शक्यता असते. फट दहा मिलिमीटरच्या वर गेली असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला, पट्टा आणि काही काळ आधाराने चालणे लागते. तेव्हा एक्स-रे काढायला हरकत नसते. घरच्या रीतीत बाळंतिणीचे पोट जुन्या लुगड्याने आवळून बांधतात. त्याने पोटाला आधार वाटतो, पण हाडांचे कडे धरले जात नाही, आणि फार आवळले तर दाब खाली ओटीपोटाच्या तळावर येतो. बांधायचेच तर खाली, कुल्ल्यांभोवती. सव्वा महिना अंथरुणावर पडून राहण्यापेक्षा रोज थोडे चालणे आणि तळाच्या स्नायूंचा व्यायाम लवकर सुरू करणे बरे. बाळाला पाजताना पाठीला उशी आणि पायाखाली पाट घ्यावा, खाली वाकून एका हाताने बाळ उचलू नये, बाळाला पायांवर घेऊन आंघोळ घालायची असेल तर ती बाळंतिणीने स्वतः घालू नये.

थोड्या जणींचे दुखणे वर्षभर किंवा त्याहून जास्त राहते, विशेषतः ज्यांना गरोदरपणात ते पुढे आणि मागे अशा सर्व सांध्यांत होते. त्यांनी पुन्हा फिजिओथेरपिस्टकडे जायला हवे. सहा महिन्यांनंतरही दुखत असताना आता बाळंतपण झाले, आता काय, असे म्हणून गप्प बसू नये. रात्रंदिवस दुखणे सोसणाऱ्या बाईची झोप उडते, चिडचिड वाढते, काहींना बाळंतपणानंतरची उदासीही येते. पुढच्या गरोदरपणात हे दुखणे पुन्हा होण्याची शक्यता असते, आणि तेही आधीपेक्षा लवकरच्या महिन्यात. म्हणून दोन बाळंतपणांत अंतर ठेवणे, मधल्या काळात कुल्ल्यांचे आणि पोटाचे स्नायू बळकट करणे आणि दुसऱ्या वेळी पहिल्याच तपासणीत मागचा त्रास सांगणे, एवढे करावे. मग पाचव्या-सहाव्या महिन्याची वाट न पाहता पट्टा, व्यायाम आणि कामाची वाटणी पहिल्यापासूनच ठरवता येते.